फादर व्हायला किती वर्षं लागतात? मधूनच घरी परत येता येतं का?

मांजरी : मांजरीच्या नदीपलीकडे, नगर रोडला रामवाडीत पेपल सेमिनरी आणि ज्ञानदीप या संस्था आहेत. 1893 साली श्रीलंकेत कँडीला सुरू झालेलं हे शिक्षण 1955 मध्ये पुण्यात आलं. देशभरातली मुलं इथं फादर होण्यासाठी शिकतात. पण एखाद्या घरातला मुलगा बारावीनंतर "मला फादर व्हायचंय" म्हणाला की आईबापाला पहिला प्रश्न पडतो, पोरगं कायमचं गेलं का? तर नाही, लगेच नाही.

ब्रदर आणि फादर वेगळे

फ्रान्सिस्कन, कपुचिन, डॉमिनिकन हे संन्यस्त बंधूंचे संघ. त्यांची व्रतं तीन : ब्रह्मचर्य, गरिबी आणि आज्ञापालन. व्रत घेतलेला प्रत्येक जण फादर होतोच असं नाही. वसईचे संत गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन ब्रदर होते, फादर नव्हते. 5 फेब्रुवारी 1597 ला जपानमध्ये नागासाकीत त्यांना क्रुसावर मारलं. 1862 मध्ये त्यांना संतपद मिळालं.

वाट कशी असते?

देवाच्या बोलावण्याला मराठी ख्रिस्ती समाजात 'पाचारण' म्हणतात. संघाने या कामासाठी नेमलेले फादर गावोगाव फिरतात, मुलाशी आणि घरच्यांशी बोलतात, शिबिराला बोलावतात. काही काळ संघात राहून पाहिलं की नोव्हिशिएट, म्हणजे नवदीक्षेचा काळ. तो किमान 12 महिन्यांचा, आणि त्यासाठी वय 17 पूर्ण लागतं. मग पहिली व्रतं, तीही ठरावीक मुदतीची. ही मुदत साधारण 3 ते 6 वर्षं चालते. त्यानंतर कायमची व्रतं.

फादर व्हायचं असेल तर तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान 6 वर्षांचा अभ्यास. आधी डीकन, म्हणजे उपयाजक, आणि वयाची 25 पूर्ण झाल्यावर गुरुदीक्षा. बारावीनंतर सगळं धरून दहा वर्षं सहज जातात.

परत येता येतं का?

येतं. नवदीक्षेत असताना कधीही निघता येतं. पहिल्या व्रतांची मुदत संपली की पुढं न जाता घरी येता येतं. कायमची व्रतं झाल्यावर मात्र अवघड, तेव्हा सहसा रोमची परवानगी लागते. एवढी वर्षं ठेवलीत ती यासाठीच, पोरानं आणि संघानं एकमेकांना नीट पारखावं म्हणून.

जबरदस्तीनं, भीती घालून किंवा फसवून नवदीक्षेत घेतलं तर चर्चच्या कायद्यानं तो प्रवेशच रद्द ठरतो. लग्नाचं बंधन असलेल्याला घेत नाहीत. डोक्यावर फेडता न येणारं कर्ज असलं तरी घेऊ नये, असा नियम आहे.

जमिनीचं काय?

कायमच्या व्रतांआधी संपत्तीची कायदेशीर व्यवस्था लावावी लागते, मृत्युपत्र करावं लागतं. काही संघांत सगळ्या मालकीवर पाणी सोडावं लागतं. पण व्रत घेतलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव आपोआप कमी होत नाही. भावांच्या नावे हिस्सा सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्रच लागतं. नाहीतर पुढं भावाभावांत गुंता होतो.

घरच्यांनी संघाला तीन गोष्टी जरूर विचाराव्यात : पहिल्या व्रतांची मुदत किती, शिक्षणाची कोणती पदवी हातात पडते आणि मुलगा परत आला तर पुढं काय. आणि पोरगं परत आलंच तर त्याला नापास म्हणू नये. ती वाट पारखण्यासाठीच असते.