माती ट्रॉलीने आणता येत नाही

5 डिसेंबर हा जागतिक मृदा दिन. एरवी हा दिवस व्याख्यानं आणि फलकांत संपतो. 2025 मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात सीना नदीच्या काठाला त्याकडे तसं बघणं कुणालाच शक्य नव्हतं. सप्टेंबरच्या पुरात तिथली पिकं तर गेलीच, पण कित्येक रानांत पिकाखालची मातीही वाहून गेली आणि मुरूम उघडा पडला. सरकारने खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून 3 लाखांपर्यंतची कामं जाहीर केली. मदत हवीच होती, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या पैशातून रानात येणार काय? बहुतेक ठिकाणी गाळ.

गाळ वाईट नसतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून 2017 पासून तलावांतला गाळ रानांत जातो आहे आणि हलक्या जमिनींना त्याचा फायदाही दिसतो. पण तो गाळ म्हणजे आधी कुणाच्या तरी रानातून वाहून गेलेली मातीच. तिच्यातले बारीक कण तेवढे शिल्लक असतात, त्यांना धरून ठेवणारी घडण मोडलेली असते. ट्रॉलीने आणलेला हा थर पुढच्या पावसात जागेवर राहील याची हमी कोण देणार?

मातीची घडण म्हणजे काय, ते घरच्या घरी बघता येतं. वर्षानुवर्षं नांगरलेल्या रानातलं एक ढेकूळ घ्या. दुसरं त्याच रानाच्या बांधावरचं, गवताच्या मुळांखालचं घ्या. दोन्ही सावलीत पूर्ण वाळवा आणि पाण्याने भरलेल्या काचेच्या दोन ग्लासांत हलक्या हाताने सोडा. नांगरटीतलं ढेकूळ बुडबुडे सोडत काही मिनिटांत ढासळतं, पाणी गढूळ होतं, तळाशी चिखल बसतो. बांधावरचं ढेकूळ बहुधा तसंच राहतं, पाणीही बरंच स्वच्छ दिसतं. माती एकाच जातीची, फरक तिच्यातल्या जिवांचा. मुळांतून पाझरणारे चिकट पदार्थ, बुरशीचे तंतू आणि गांडुळांची विष्ठा मातीचे कण बांधून त्यांचे रवे करतात. रव्यांमधल्या पोकळ्यांतून पाणी आत मुरतं. रवे फुटले की बारीक कण पोकळ्यांची तोंडं बंद करतात, पाणी वरून धावतं आणि जाताना माती घेऊन जातं. नदीने पात्रच बदललं तर कुठलीच माती टिकणार नाही, हे खरं. पण दरवर्षीच्या साध्या वळवात जी माती ओढ्याला लागते, तिचं कारण या दुसऱ्या ग्लासात नाही, पहिल्या ग्लासात आहे.

हे रवे सर्वांत जास्त मोडतो तो पलटी नांगर आणि त्यामागून फिरणारा रोटाव्हेटर. बुरशीचे तंतू तुटतात, एकदम हवा मिळालेले जिवाणू सेंद्रिय कर्ब खाऊन टाकतात आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. जगातल्या जमिनींच्या वरच्या मीटरभर थरात सुमारे दीड हजार अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे, म्हणजे सगळ्या वातावरणात आहे त्यापेक्षा बराच जास्त. हवामान बदलाच्या चर्चेत आपण झाडं मोजतो. पायाखालचा हा साठा मात्र हिशेबात क्वचितच येतो.

यावर महाराष्ट्रातच काम झालं आहे आणि त्याचं मोल आपण पुरतं ओळखलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. कर्जत तालुक्यातल्या नेरळच्या सगुणा बागेतले चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची नांगरणी, चिखलणी आणि लावणी तिन्ही बाजूला ठेवली. गादीवाफे एकदा करायचे, लोखंडी साच्याने खुणा पाडून त्यात भात टोकायचा. कापणी झाली की खोडं वरून कापलेली, मुळं जमिनीतच. त्याच वाफ्यांवर पुढे वाल किंवा हरभरा. मुळं जागेवर कुजतात, त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात, गांडुळं परततात. चिखलणी नसल्यामुळे शेतातून गढूळ पाणी वाहत नाही आणि साचलेल्या पाण्यातून सुटणारा मिथेनही कमी होतो. चिखलात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बायांच्या पाठीला मिळालेला आराम तर कुठल्याच तक्त्यात मांडला जात नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून ही पद्धत मराठवाड्यात कापूस-मक्यापर्यंत पोचली.

कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी उसात हाच विचार आणखी पुढे नेला. त्यांचं म्हणणं असं की सहज कुजणारं शेणखत वरून टाकण्यापेक्षा सावकाश कुजणारी खोडकी आणि मुळं जागेवर राहू देणं जमिनीला अधिक मानवतं. तणसुद्धा त्यांच्या लेखी फुकटचं खत आहे.

आक्षेप एकच आणि तो गंभीर आहे. या दोन्ही पद्धतींत तण आणि खोडवा मारायला तणनाशक लागतं. मला ते खटकतं, विहिरीला लागून रान असणाऱ्यालाही खटकायला हवं. विद्यापीठांनी आता संशोधन करायचं तर याच प्रश्नावर करावं, म्हणजे तणनाशकाशिवाय बिननांगरणीचं गणित कसं बसवायचं यावर. तोवर निदान मशागतीच्या पाळ्या कमी करायला कुणाची हरकत नसावी.

2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्यपत्रिकेत बारा घटक तपासले जातात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नत्रापासून बोरॉनपर्यंतची अन्नद्रव्यं. गांडुळं किती, पाणी किती वेगाने मुरतं, ढेकूळ पाण्यात टिकतं का, यातलं काहीही त्यात नाही. त्यामुळे ती पत्रिका खताची मात्रा सांगते, जमीन जिवंत आहे का हे सांगत नाही. ग्लासाच्या चाचणीला खर्च शून्य आहे, सहायक कृषी अधिकाऱ्याने ती बांधावर करून दाखवावी आणि नोंदवावी.

खरडलेल्या रानांसाठीच्या कामांतही एक तरतूद लगेच करता येईल. गाळ पसरला की त्यावर पहिल्याच पावसाला ताग किंवा धैंचा पेरण्यासाठी बियाणं द्यावं. ज्या पिकाची मुळं तो गाळ पकडतील, ते आधी. नगदी पीक नंतर.

आणि ऊसवाल्यांना एक विनंती. गाळप हंगाम सुरू झाला की तोडणी झालेल्या फडांतून संध्याकाळी धूर दिसू लागतो. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं. ते पेटवू नका. सरीत पसरा, त्यावर टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाका, पाणी द्या आणि खोडवा ठेवा.