कचेरीतले माजी सैनिक

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपत आले असताना तेथील काँग्रेसने, म्हणजे संघराज्याच्या विधिमंडळाने, जखमा किंवा आजारपणामुळे सैन्यातून मुक्त झालेल्यांना पात्रता असल्यास सरकारी नोकरीत प्राधान्य द्यावे असा ठराव केला, आणि त्यामुळे वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत, विशेषतः सैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे दावे तपासणाऱ्या पेन्शन ब्युरोत, माजी सैनिक मोठ्या संख्येने आले. अशा अधिकाऱ्यांच्या समूहचित्रात गणवेश शोधू नये. साध्या काळ्या कोटावर राष्ट्रध्वजाच्या रंगांच्या फितीला लटकणारा पाच टोकांचा ब्राँझचा तारा दिसला, तर तो मनुष्य १८६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ या माजी सैनिकांच्या संघटनेचा सभासद होता असे समजावे, आणि एखादी रिकामी बाही टाचलेली असेल, तर त्याने युद्धात काय गमावले तेही तीच सांगते. चेहऱ्यांवरच्या ताठरपणाला मात्र स्वभाव मानणे अन्यायाचे ठरेल, कारण छायाचित्रणाच्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत, म्हणजे रसायनाचा थर ओला असतानाच काच वापरण्याच्या तंत्रात, कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे. १८८० च्या दशकात कोरड्या काचा रूढ झाल्यावर हा जाच कमी झाला.

या पिढीचे सामर्थ्य जेम्स टॅनर यांच्या आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसते: १८६२ मध्ये बुल रनच्या दुसऱ्या लढाईत दोन्ही पाय गमावल्यावर ते लघुलिपी शिकले, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली त्या रात्री त्यांनी साक्षीदारांच्या जबान्या टिपल्या, आणि १८८९ मध्ये ते पेन्शन ब्युरोचे आयुक्त झाले.