एक गुरू, तीन वर्ग, सहा दिवस

सकाळी आठ वाजता पहिलं वर्ष, नऊ वाजता दुसरं, दहा वाजता तिसरं. दुपारी पुन्हा तेच: दोनला पहिलं, तीनला दुसरं, चारला तिसरं. हार्वर्ड कॉलेजचं सगळ्यात जुनं वेळापत्रक वाचताना या आकड्यांचा अर्थ मला आधी लागेना. तिन्ही वर्ग एकदम का भरत नाहीत? मग उलगडा झाला आणि अंगावर काटा आला. शिकवणारा माणूस एकच होता!

या माणसाचं नाव हेन्री डन्स्टर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या सभेने २८ ऑक्टोबर १६३६ रोजी कॉलेजसाठी ४०० पौंड मंजूर केले. जॉन हार्वर्ड हा तरुण धर्मोपदेशक १६३८ मध्ये वारला, तेव्हा त्याने आपली निम्मी मालमत्ता आणि सुमारे ४०० पुस्तकं या कॉलेजला दिली आणि कॉलेजला त्याचं नाव मिळालं. पहिल्या प्रमुखाला काढून टाकावं लागलं, कॉलेज वर्षभर बंद पडलं. ऑगस्ट १६४० मध्ये डन्स्टर आला आणि त्याने ते पुन्हा उभं केलं. १६४२ मध्ये पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली. किती जणांची? नऊ! त्यांतलेच दोघे पुढच्या वर्षी शिकवायला त्याच्या मदतीला आले. त्याच वर्षी, १६४३ मध्ये, लंडनला छापलेल्या एका पुस्तिकेत इथला अभ्यासक्रम प्रसिद्ध झाला, म्हणून तो आज तासातासानिशी आपल्याला वाचता येतो.

सोमवारी आणि मंगळवारी पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र आणि वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत निसर्गविज्ञान. दुसऱ्या वर्षाला नीतिशास्त्र आणि राज्यशास्त्र. तिसऱ्याला अंकगणित आणि भूमिती, शेवटी खगोलशास्त्र. आज पोरं पहिलीत बेरीज शिकतात. इथे अंकगणिताची पाळी शेवटच्या वर्षी यायची! तर्क मात्र पहिल्या दिवसापासून. आधी विचार कसा करायचा ते शिका, मग कशाचाही करा, असा तो क्रम मला दिसतो. म्हणून तर दुपारचे तास वादासाठी राखलेले. सकाळी जे शिकलात त्यावर एकाने पक्ष मांडायचा, दुसऱ्याने तो खोडायचा. आपल्याकडच्या शास्त्रार्थाची आठवण होते ना?

बुधवार ग्रीक भाषेचा. पहिल्या वर्षी व्याकरण, दुसऱ्या वर्षी छंद आणि बोलीभेद, तिसऱ्या वर्षी गद्य आणि पद्य दोन्हींत स्वतःची रचना. गुरुवार पूर्वेकडच्या भाषांचा आणि तिथली पायरी पाहून मी थक्क झालो. पहिल्या वर्षी हिब्रू, दुसऱ्या वर्षी अरामी, तिसऱ्या वर्षी सिरियाक. अरामीच्या सरावाला बायबलमधली एज्रा आणि दानिएल ही दोनच पुस्तकं नेमलेली. ही दोनच का? जुना करार जवळजवळ सगळा हिब्रूत आहे. या दोन पुस्तकांत मात्र अरामीतले मोठमोठे भाग आहेत. जिथे ती भाषा सापडते, नेमकं तिथेच मुलांना नेऊन सोडायचं. सिरियाकसाठी त्या भाषेतला नवा करार होताच.

शुक्रवार वक्तृत्वाचा. प्रत्येकाला महिन्यातून एकदा सगळ्यांसमोर उभं राहून भाषण करायची संधी मिळेल, अशी पाळी लावलेली. शनिवारी सकाळी धर्मज्ञान.

आणि लॅटिन? ती या वेळापत्रकात कुठेच नाही! कारण लॅटिन हा विषयच नव्हता; ती तिथली हवा होती. सिसेरोसारख्या लेखकाचा उतारा तयारीशिवाय वाचून समजणं आणि लॅटिनमध्ये गद्यपद्य रचून बोलणं ही प्रवेशाची अट होती. आत आल्यावर मातृभाषा बोलायची नाही, हा नियम. इंग्रजीत भाषण करायला सांगितलं असेल तेव्हाच सूट. पदवीची कसोटीही भाषेचीच: जुना आणि नवा करार मुळातून वाचून लॅटिनमध्ये सांगता यायला हवा, त्यातला तर्क उलगडता यायला हवा आणि वागणूक चांगली हवी.

हे सगळं चालत होतं ते जंगलाच्या कडेला, रोख पैशाची सदा चणचण असलेल्या वसाहतीत. मुलं फी म्हणून गहू, लोणी, गुरं-मेंढरं घेऊन यायची. १६४४ मध्ये आजूबाजूच्या वसाहतींतल्या प्रत्येक कुटुंबाला आवाहन केलं गेलं, की जमल्यास कॉलेजसाठी एक मापटं धान्य द्या. पुस्तकं दुर्मीळ, म्हणून पोरं अख्खे ग्रंथ हाताने वहीत उतरवून घ्यायची. १६५० च्या सनदेत इंग्रज मुलांबरोबर तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांचं शिक्षणही लिहिलेलं होतं आणि १६६५ मध्ये वॉम्पनोआग जमातीच्या केलब चीशॅटॉमकने इथली पदवी मिळवली. धर्मोपदेशक घडवायला निघालेल्या याच कॉलेजच्या झकरिया ब्रिग्डन या पदवीधराने १६५९ च्या पंचांगात कोपर्निकसचं मत समजावून सांगितलं: पृथ्वी सूर्याभोवती फिरते. देवाचं वचन आणि देवाची सृष्टी, दोन्ही वाचायला हवीत, ही या माणसांची श्रद्धा होती. म्हणून एकाच आठवड्यात हिब्रू व्याकरण आणि ग्रहांच्या गती सुखाने शेजारी बसत.

वेळापत्रकाच्या तळाशी एक नियम आहे: आधीच्या पाठाचं सार विचारून घेतल्याशिवाय नवा पाठ द्यायचा नाही. संथा पक्की झाल्याशिवाय पुढची ऋचा न देणारा वेदपाठशाळेतला गुरुजी याला लगेच मान डोलावेल.

आणि माझा सगळ्यात लाडका तास शनिवारी दुपारचा, आठवड्यातला शेवटचा. तिथे फक्त एवढंच लिहिलंय: हिवाळ्यात इतिहास, उन्हाळ्यात वनस्पतींचा स्वभाव. कारण दिलेलं नाही, पण ते डोळ्यांपुढे उभं राहतं. बाहेर बर्फ साचलेलं असताना खोलीत बसून गेलेल्या काळाच्या गोष्टी ऐकायच्या. आणि रान हिरवं झालं की शेवटचं पुस्तक त्या रानाचं.