मूळ पशू आणि साधित पशू

वुल्व्हरीन हा उत्तरेकडील शीत अरण्यांतील, पाणमांजराच्या कुळातला बळकट मांसभक्षक होय. टार्न व झॅक अ‍ॅडम्स या बंधूंच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ या संगणकीय खेळातही तो वन्य पशू म्हणून आढळतो. तेथे त्याचे आकारमान, अवयव व निवासभूमी एका साध्या लेखी नोंदीत ग्रथित केलेली असतात. महाकाय वुल्व्हरीन आणि वुल्व्हरीन-मानव यांची घडण मात्र मुळापासून रचलेली नाही. मूळ नोंद उचलून तिला सर्व पशूंस समान असा नियम लावला, की हे दोन्ही सिद्ध होतात. धातूस प्रत्यय लागून शब्द साधतो, तसाच हा प्रकार. वैयाकरणास त्याचे नवल वाटू नये. मूळ नोंदीत एखादा गुण चुकला आणि नियमाने तो बदलला नाही, तर ती चूक दोन्ही साधित पशूंत तशीच उतरते.