चौल बंदरात उतरलेला रशियन पाहुणा

मुलांनो, जित्याहून पेण, अलिबाग करत पुढे गेले की चौल-रेवदंडा लागते. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात. पण पूर्वी चौल हे मोठे बंदर होते. १४६९ च्या सुमारास तिथे रशियाचा एक व्यापारी उतरला. त्याचे नाव अफनासी निकितीन. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली. म्हणजे हा त्याच्याही आधी आला!

निकितीन व्होल्गा नदीकाठच्या त्वेर गावचा. वाटेत लुटारूंनी त्याला लुबाडले. तरी तो इराणातून होर्मुझ बंदरात पोचला आणि एक घोडा घेऊन जहाजाने इकडे आला. घोड्याला इथे चांगली किंमत येईल, असा त्याचा हिशोब.

जे पाहिले ते तो लिहून ठेवी. इथले लोक उघड्या डोक्याने नि उघड्या अंगाने फिरतात, केसांची एकच वेणी घालतात, असे तो लिहितो. हा गोरा माणूस बघायला लोक त्याच्या मागे मागे जात! पुढे तो पालीवरून जुन्नरला गेला. चार महिने पाऊस नि जिकडे तिकडे चिखल, आणि तेव्हाच लोक नांगरतात, पेरतात, हेही त्याने टिपले. गंमत म्हणजे या दिवसांना तो हिवाळा म्हणतो! जुन्नरचे ठाणे उंच खडकावर आहे, तो खडक देवानेच घडवला, आणि वर जायची वाट इतकी अरुंद की दोघांना जोडीने चढता येत नाही, असे तो सांगतो. शिवनेरी पाहिलेल्यांना हे लगेच पटेल.

रेवदंड्याचा दगडी कोट आणि सातखणी मनोरा मात्र त्याने पाहिला नाही. तो पोर्तुगीजांनी नंतर बांधला.

परत जाताना, घरी पोचण्याआधीच निकितीन वारला. पण त्याची वही मॉस्कोला पोचली. म्हणून त्या वेळचे आपले लोक कसे राहत, हे आज आपल्याला कळते. रेवदंड्याच्या शाळेत त्याचे स्मारकही उभारले आहे.

आता आपल्याकडे बघा. कौलारू घरे जाऊन स्लॅबची घरे होत आहेत. ओटी, पडवी, माजघर, परसू ही नावे आजीला ठाऊक आहेत, आपल्याला थोडीच. पाहुणा येऊन लिहील म्हणून कशाला थांबायचे? आजीला विचारा, घराचे चित्र काढा, नावे लिहा नि वर्गात आणा. आलेल्या पालकांनीही आपल्या जुन्या घराच्या चार गोष्टी मुलांना जरूर सांगाव्यात.