पाबळची शाळा आणि जमिनीखालचं पाणी

ओहमचा नियम पाठ करून दहावी पास होणारी मुलं पुष्कळ. पण तोच नियम शेतात नेऊन बोअरची जागा ठरवायची, हे पाबळला पाहिलं आणि तेव्हापासून या गावाचा मला नाद लागला.

पाबळ पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात. पाऊस बेताचा, खाली कातळ. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून पत्नी मीराताईंसह इथे आले आणि 1983 साली विज्ञान आश्रम सुरू झाला. गावच्या भैरवनाथ विद्यामंदिरात पुढे आश्रमाचा मूलभूत तंत्रज्ञान हा विषय आला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती-जनावरं, स्वयंपाक-आरोग्य यांत हात घालायचे. गांधीजींनी 1937 च्या वर्धा परिषदेत मांडलेली, हातकामातून शिकवणारी नई तालीम याच कुळातली. तिच्यावर लिहिलं गेलेलं भरपूर आहे, म्हणून मी पाण्याकडे वळतो.

बोअरची जागा शोधायला चार लोखंडी सळया एका रेषेत, सारख्या अंतरावर जमिनीत ठोकायच्या. बाहेरच्या दोनमधून वीज सोडायची, आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजायचं. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की वीज अधिक खोल उतरते. सलग काळा कातळ तिला अडवतो. भेगाळलेला, पाणी धरलेला खडक वाट देतो. आकडे आलेखावर मांडले की विरोध कुठे घसरला ते दिसतं. अर्थात चिकणमातीही विरोध कमीच दाखवते. त्यामुळे शेजारच्या विहिरींत किती फुटांवर काय लागलं, हे जुन्या माणसांना विचारावंच लागतं. मला हे फार मोलाचं वाटतं. यंत्र पोराच्या हातात आणि जमिनीची माहिती आजोबांकडे. आलेख वाचायला दोघं लागतात. हातावर नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्यावर गावाचा विश्वास असतो, त्याला मी हसणार नाही. पण कोरडी बोअर म्हणजे घरावर कर्ज, आणि कर्ज काढण्याआधी चार सळया ठोकून बघणं शहाणपणाचं.

  

आश्रमाचं दुसरं आवडतं अंग म्हणजे हिशेब. गावकऱ्याला गेट हवं असेल तर मुलांनी माप घ्यायचं, अँगल किती फूट लागेल, वेल्डिंगचे रॉड किती, वीज किती, मजुरी किती हे मांडून भाव सांगायचा. माझ्या मते गणिताची खरी परीक्षा हीच, कारण उत्तर चुकलं तर गेट चौकटीत बसत नाही आणि गिऱ्हाईक दारात उभं असतं. शिकवणाराही शक्यतो गावातलाच, त्या धंद्यावर पोट असलेला. शाळेची इमारत गावाने बांधून दिली म्हणजे शाळा गावाची झाली, असं मी मानत नाही. गाव आपलं काम घेऊन शाळेच्या दारात येऊ लागलं की ती गावाची होते.

2002 च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने इथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवायची प्रयोगशाळा, उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अशा पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. पुढच्याच वर्षी कलबाग गेले. मूलभूत तंत्रज्ञान हा विषय आज पाबळबाहेरच्या कितीतरी शाळांत शिकवला जातो. त्यांतल्या दुष्काळी गावांच्या शाळांनी प्रयोगशाळेच्या यादीत या चार सळया आणि एक मीटर यंदाच घालावा, एवढी माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे.