प्रोपेन वायू आणि आपली चूल



आता पुष्कळ घरांत गॅसची शेगडी आली आहे. १ मे २०१६ रोजी केंद्र सरकारने उज्ज्वला योजना सुरू केली. तेव्हापासून गरीब घरांतल्या बायकांच्या नावावरही गॅस मिळू लागला. पण गॅस आला म्हणून आपल्याकडची चूल गेली नाही. चहा गॅसवर नि आंघोळीचे पाणी चुलीवर, असे चालते. म्हातारी माणसे तर म्हणतात, "गॅसावरच्या जेवणाक चुलीची चव नाय." म्हणून दोन्ही एका घरात असताना काय सांभाळावे ते सांगतो.

सिलिंडरमध्ये मुख्यतः दोन वायू मिसळलेले असतात. एक प्रोपेन आणि दुसरा ब्यूटेन. हे खनिज तेलापासून आणि जमिनीखालच्या वायूपासून मिळतात. १९७४ साली अरबी समुद्रात मुंबई हाय येथे तेल सापडले. तिथला वायू समुद्राच्या तळाशी टाकलेल्या नळाने रायगड जिल्ह्यातील उरणला येतो. तिथल्या कारखान्यात त्यातून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढतात.

पाणी १०० अंशांना उकळते, हे आपण शिकलो. प्रोपेन मात्र शून्याच्याही खाली ४२ अंशांना उकळतो! म्हणजे आपल्याकडे तो उघड्यावर पातळ राहूच शकत नाही, लगेच वायू होतो. त्याला दाबून ठेवला तरच तो पातळ राहतो. म्हणून सिलिंडर जाड लोखंडी पत्र्याचा करतात. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. हलवून पाहिला तर आत डुचमळल्यासारखे वाटते, तो हा पातळ गॅस. १ लिटर पातळ प्रोपेनचा सुमारे २७० लिटर वायू होतो. म्हणजे एक तांब्या सांडला तर २७० तांबे वायू घरात पसरेल.

आता मुख्य गोष्ट. चुलीचा धूर गरम असतो, म्हणून तो वर जातो आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडतो. आपल्याला वाटते, गॅससुद्धा तसाच कौलांतून निघून जाईल. पण तसे होत नाही. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड आहे आणि ब्यूटेन दुप्पट जड. त्यामुळे गळलेला गॅस पाण्यासारखा खाली बसतो, जमिनीवरून पसरतो, कोपऱ्यात नि खड्ड्यात साचतो. आणि आपली चूल कुठे असते? जमिनीवरच! म्हणजे गॅस जिथे साचतो, तिथेच विस्तव असतो. धोका आहे तो इथे.

या वायूंना स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचे औषध मिसळतात. कुजलेल्या कोबीसारखा वास आला, की असे करावे :

१) काडी ओढू नये. विजेचे बटण चालू करू नये आणि बंदही करू नये, कारण ठिणगी उडते.
२) मोठ्या माणसांनी रेग्युलेटर बंद करावा. चूल, समई, उदबत्ती पेटलेली असेल तर विझवावी.
३) दारे-खिडक्या उघडाव्यात. पावसाळ्यात आपण सगळे बंद करून बसतो, तरी तेव्हासुद्धा उघडावीत.
४) मुलांनी बाहेर जाऊन मोठ्यांना हाक मारावी. बाहेर गेल्यावर १९०६ या नंबरवर फोन करावा.

सिलिंडर नेहमी उभा ठेवावा. आडवा केला तर वायूऐवजी पातळ गॅस बाहेर येतो. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच ठेवावी. सिलिंडर चुलीपासून लांब असावा, शक्य तर दुसऱ्या खोलीत. गळती पाहायची तर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे येतात. काडी पेटवून कधी बघू नये.

गॅस चांगला आहे. धूर नाही, भांडी काळी होत नाहीत, आईचे डोळे चुरचुरत नाहीत. पण धूर वर जातो आणि गॅस खाली बसतो, एवढे सर्वांनी लक्षात ठेवावे. आज घरी गेल्यावर आपला सिलिंडर चुलीपासून किती लांब आहे ते जरूर बघा.